टायरोन प्रोथ्रोचे तीन आठवडे

१० सप्टेंबर २००५, शनिवार. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टस्कलूसाच्या ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये अलाबामा विद्यापीठाचा संघ सदर्न मिस, म्हणजे सदर्न मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध २१-१० असा पिछाडीवर होता. मध्यंतर तोंडावर आलं होतं. चौथा डाउन होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यातली ही शेवटची. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, ब्रोडी क्रॉइलनं चेंडू उंच आणि लांब फेकला. खाली टायरोन प्रोथ्रो धावत होता, आणि त्याला अगदी चिकटून सदर्न मिसचा बचावपटू जॅस्पर फॉक.

चेंडू आला तेव्हा फॉक मध्ये होता. प्रोथ्रोनं दोन्ही हात त्याच्या अंगाभोवती टाकले आणि चेंडू फॉकच्या पाठीवरच धरला. स्वतःचं तोंड फॉकच्या खांद्याशी दाबलेलं, चेंडू दिसण्याचा प्रश्नच नाही. दोघे एकमेकांत गुंतून कोसळले, कोलांटी खाऊन मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये गेले, आणि तरीही चेंडू प्रोथ्रोच्या बोटांत होता. पंचांनी चित्रफीत तपासून झेल मान्य केला, चेंडू एंड झोनपासून एक यार्डावर ठेवला. अलाबामानं लगेच टचडाउन केला, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये नेऊन गुण मिळवले, आणि पुढे सामना ३०-२१ असा जिंकला.

अलाबामात आजही "द कॅच" एवढंच म्हटलं तरी पुरतं. कोणता, हे कुणी विचारत नाही.

मी नोकरीनिमित्त याच राज्यात, हंट्सव्हिलला राहते. इथे शनिवारची दुपार फुटबॉलची असते. लग्नाची तारीख काढतानासुद्धा सामन्यांचं वेळापत्रक पाहिलं जातं, आणि यात अतिशयोक्ती अजिबात नाही. सुरुवातीला मला या खेळात नुसती ढकलाढकली दिसायची. मग मी चेंडूकडे पाहायचं सोडून मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या वाइड रिसीव्हरकडे पाहायला लागले आणि सगळा खेळ उलगडला. आजही मी सामना तसाच पाहते.

रिसीव्हरचं काम लांबून सोपं वाटतं: पळा आणि झेला. प्रत्यक्षात त्याच्या पळण्याचा प्रत्येक मार्ग आधी ठरलेला असतो. हे मार्ग एका आकृतीत मांडतात आणि त्यांना आकडे देतात. दोन म्हणजे स्लँट, तीन पावलं पुढे जाऊन तिरकं आत घुसायचं. आठ म्हणजे पोस्ट, लांबवर जाऊन गोलखांबांच्या दिशेनं वळायचं. नऊ म्हणजे सरळ, जीव खाऊन धावायचं. क्वार्टरबॅक रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू सोडतो. म्हणजे चेंडू हवेत असतो तेव्हा रिसीव्हरची पाठ त्याच्याकडे असू शकते, आणि समोरच्याला फसवून, नेमक्या पावलावर वळून, मान फिरवेपर्यंत चेंडू छातीशी आलेला असतो. अर्ध्या पावलाची चूक झाली की चेंडू समोरच्याच्या हातात. आणि झेल घेताना अंग पूर्ण उघडं पडतं: हात वर, बरगड्या मोकळ्या, पाय हवेत. कुठून कोण येऊन आदळणार हे पाहायची सोय नाही. पाहायला गेलं तर चेंडू सुटतो. या खेळात इतकं निराधार होऊन दुसरं कुणी काम करत नाही असं मला वाटतं.

प्रोथ्रो अलाबामातल्याच हेफ्लिन नावाच्या छोट्या गावचा. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. या जागेवर सहा फुटांच्या वरची मुलं खेळतात, त्यात तो ठेंगणाच. पण त्याच्याकडे वेग होता, उडी होती, आणि चेंडूच्या बाबतीत एक हट्ट होता. समोरच्या संघानं लाथाडलेला चेंडू घेऊन उलट धावायलाही तोच असे. २००५ च्या मोसमात तो अलाबामाच्या आक्रमणाचा कणा झाला होता.

झेलानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, फ्लोरिडाचा संघ टस्कलूसाला आला. देशात पहिल्या पाचांत गणला जाणारा संघ, नवा कोच अर्बन मायर. अलाबामानं आपल्या पहिल्याच चालीत क्रॉइलकडून प्रोथ्रोला पास दिला आणि तो ८७ यार्ड धावत जाऊन टचडाउन करून आला. त्या दिवशी त्यानं आणखी एक टचडाउन केला. चौथ्या सत्रात धावफलक ३१-३ होता. सामना कधीच संपला होता.

तरी क्रॉइल मैदानात होता, प्रोथ्रोही मैदानात होता, आणि चौथ्या डाउनला एंड झोनमध्ये पास टाकला गेला. प्रोथ्रो उडी मारून त्याच्यापर्यंत पोचायला गेला. खाली येताना डावा पाय वेडावाकडा पडला आणि नडगीची दोन्ही हाडं मोडली. टीव्हीवाल्यांनी ते दृश्य पुन्हा दाखवणं टाळलं असतं तर बरं झालं असतं. मी ते एकदा पाहिलं आहे आणि पुन्हा पाहणार नाही. ज्यांना हा खेळाडू समजून घ्यायचा आहे त्यांनाही मी सांगेन की झेल शंभरदा पाहा, दुसरं पाहू नका.

अठ्ठावीस गुणांची आघाडी असताना सर्वांत मोलाचा रिसीव्हर मैदानात का ठेवला, यावर इथे अजून वाद होतात. कोच माइक शूला यांच्याबद्दल लोक फार कडवट बोलतात. कोचचं मन मला कळू शकतं. विद्यापीठ फुटबॉलमध्ये गुणांचा फरक मतदारांच्या डोळ्यांत भरे आणि क्रमवारी तेव्हा बरीचशी मतांवर ठरे, त्यामुळे हात आखडता घ्यायला कुणी तयार नसे. पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं. ३१-३ असताना त्या मुलाला बाकावर बसवायला हवं होतं. याबाबत माझ्या मनात शंका नाही.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे, कारण त्यात नुसती इस्पितळं आहेत. जंतुसंसर्ग, एकामागून एक शस्त्रक्रिया, परत येण्याची आशा, मग ती सोडणं. प्रोथ्रो पुन्हा कधीही खेळला नाही. विद्यापीठानं त्याची शिष्यवृत्ती चालू ठेवली आणि त्यानं पदवी पूर्ण केली, हे नोंदवायला हवं. त्या काळच्या नियमांनुसार शिष्यवृत्ती एका वर्षापुरती असे आणि दर वर्षी नव्यानं द्यावी लागे. १९७३ पासूनची ही पद्धत होती. जखमी खेळाडूचं पुढच्या वर्षी काय करायचं हे विद्यापीठाच्या मर्जीवर सोडलेलं होतं. प्रोथ्रोच्या वाट्याला चांगली मर्जी आली. ज्यांचा झेल टीव्हीवर गाजला नव्हता अशा मुलांचं काय, हा विचार मला सोडत नाही.

त्याच्याशिवाय संघ अडखळत खेळला. टेनेसीला ६-३ असं हरवलं, पण त्यात अलाबामाला एकही टचडाउन करता आला नाही. मोसम १०-२ वर संपला. इथे एक विलक्षण गोष्ट आहे. पुढे विद्यापीठात पाठ्यपुस्तकांचं प्रकरण उघडकीला आलं. वेगवेगळ्या खेळांतले काही खेळाडू शिष्यवृत्तीतून मिळणारी पुस्तकं मित्रमैत्रिणींसाठी उचलत होते. २००९ मध्ये एनसीएए या विद्यापीठ खेळांच्या नियामक संस्थेनं शिक्षा म्हणून अलाबामाचे २००५ ते २००७ मधले २१ विजय रद्द केले. २००५ चे दहाच्या दहा विजय त्यात गेले. आज अधिकृत नोंदीत त्या मोसमाचा निकाल ०-२ आहे. म्हणजे ज्या विजयात प्रोथ्रोनं तो झेल घेतला तो विजय कागदावर नाही, आणि ज्या विजयात त्याचा पाय मोडला तोही नाही. पाय मात्र त्याच्याकडे आहे.

मला या साऱ्या कहाणीत सर्वांत जास्त त्रास याच वाटणीचा होतो. त्या झेलाला २००६ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीनं वर्षातल्या सर्वोत्तम क्रीडाक्षणाचा पुरस्कार दिला. पाँटियाक मोटार कंपनीनंही त्या मोसमातली सामना फिरवणारी कामगिरी म्हणून तोच झेल निवडला आणि त्याबद्दल विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती निधीला एक लाख डॉलर मिळाले. प्रोथ्रोला त्यातलं काही घेण्याची मुभा नव्हती. घेतलं असतं तर तो नियमानं अपात्र ठरला असता. झेलाचं चित्रीकरण, त्याची छायाचित्रं, त्या लाल जर्सीचा हक्क, सगळं इतरांचं. त्याच २००५ साली विद्यापीठानं डॅनियल मूर या स्थानिक चित्रकारावर खटला भरला होता. तो अलाबामाच्या गाजलेल्या क्षणांची चित्रं काढून विकत असे, आणि त्या गणवेशाचे रंग आमचे, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयानं चित्रं काढण्याचा त्याचा हक्क मान्य केला. चित्रकाराला निदान भांडायला जागा होती. जो मुलगा त्या गणवेशाच्या आत होता, त्याच्यासाठी तेव्हा तीही नव्हती.

आणि पैसा कमी होता असंही नाही. २००६ च्या शेवटी शूला यांना काढलं, आणि जानेवारी २००७ मध्ये निक सेबन यांना आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर आणलं. तेव्हाही प्रोथ्रोच्या पायावरचे उपचार चालूच होते.

मैदानावर मोडलेल्या शरीराचं देणं कुणी द्यायचं, हा प्रश्न प्रोथ्रोच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेतल्या न्यायालयांपुढे आहे आणि उत्तर बहुतेक वेळा एकच आलेलं आहे. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीनं कामगार भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो कॉलेजचा कामगार नव्हता आणि कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप बर्मिंगहॅमला अलाबामाविरुद्धच खेळत होता. एका चालीत तो डोक्यावर पडला, मान मोडली आणि शरीर लुळं पडलं. नव्वदच्या दशकात त्याला भरपाई मंजूर झाली, विमा कंपनी न्यायालयात गेली, आणि २००० मध्ये अपील न्यायालयानंही तो कर्मचारी नव्हता असाच निर्वाळा दिला. वॉल्ड्रेप २०२२ मध्ये वारला. जवळपास अर्धं शतक चाकाच्या खुर्चीत. ती चाल बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर झाली. त्या रस्त्यानं जाताना मला तो आठवतो, आणि त्याचं नाव इथल्या तरुण मुलांना माहीत नाही याचं वाईट वाटतं.

म्हणूनच प्रोथ्रोनं पुढे जे केलं त्याला मी झेलापेक्षा कमी लेखत नाही. लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यानं एनसीएएवर खटला भरला होता, खेळाडूंची नावं आणि चेहरे विकून येणाऱ्या पैशात त्यांचा वाटा का नाही, म्हणून. प्रोथ्रो त्यात वादी झाला. जून २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या न्यायालयात, न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांच्यासमोर उभं राहून त्यानं साक्ष दिली. अलाबामात वाढलेल्या, त्याच विद्यापीठाच्या प्रेमात असलेल्या माणसाला हे करणं सोपं नसतं. इथे फुटबॉलबद्दल तक्रार करणं म्हणजे घरच्यांविरुद्ध बोलणं समजतात. शिवाय खटला उभा राहण्याआधीच वादींनी वैयक्तिक नुकसानभरपाईची मागणी सोडून दिली होती. म्हणजे तो साक्षीला उभा राहिला तेव्हा या निकालातून आपल्या हाती काही पडणार नाही हे त्याला ठाऊक होतं. ८ ऑगस्ट २०१४ ला निकाल आला: एनसीएएचे नियम स्पर्धा कायद्याचा भंग करतात. पुढच्या न्यायालयानं त्यातला काही भाग छाटला, पण भिंतीला भेग पडली ती पडलीच.

त्याच मैदानावर पुढे आणखी एक लहानखुरा रिसीव्हर आला. डिव्हाँटा स्मिथ, लुइझियानातल्या अमीट गावचा. उंची सहा फूट, पण वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास, म्हणजे या खेळात काडीच. ८ जानेवारी २०१८ ला जॉर्जियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, दुसऱ्या डाउनला २६ यार्ड हवे असताना तुआ टागोव्हायलोआनं त्याला ४१ यार्डांचा पास टाकला आणि अलाबामा २६-२३ असं विजेतं ठरलं. स्मिथचं ते पहिलं वर्ष. २०२० च्या मोसमात त्यानं ११७ झेल घेतले, १,८५६ यार्ड मिळवले, २३ टचडाउन झेलले. हाइसमन चषक, म्हणजे विद्यापीठ फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक मान, त्याला मिळाला. १९९१ च्या डेस्मंड हॉवर्डनंतर एकाही रिसीव्हरला तो मिळाला नव्हता. ओहायो स्टेटविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यानं पहिल्या अर्धातच १२ झेल, २१५ यार्ड आणि तीन टचडाउन केले आणि दुसऱ्या अर्धात बोट दुखावून बाहेर गेला. फक्त बोट.

त्याचं पळणं पाहताना मला अपार आनंद झाला. तो वळतो तेव्हा वेग कमी होत नाही, ही गोष्ट आकड्यांत सांगता येत नाही, पाहावीच लागते. बचावपटू त्याच्यासोबत असतो, मग एका पावलात नसतो. आणि तो पडतो तेव्हा मी दर वेळी त्याचे पाय पाहायचे. दोन्ही पायांवर उठला की मग श्वास सोडायचा. प्रोथ्रोच्या काळापासून इथे फुटबॉल पाहणाऱ्या अनेकांना ही सवय आहे.

स्मिथनं एवढं सगळं केलं तेही शिष्यवृत्तीपलीकडे काही न घेता. खेळाडूंना आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेण्याची परवानगी १ जुलै २०२१ ला मिळाली. तोवर तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये फिलाडेल्फियाकडे गेला होता. पण त्याची गोष्ट नीट लागली: व्यावसायिक संघांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत दहावा क्रमांक, मोठा करार, फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या गावापासून जवळच न्यू ऑर्लिन्सला सुपर बोलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा विजय आणि त्यात ४६ यार्डांचा टचडाउन. दोघेही अलाबामाचे, दोघेही अंगानं लहान, दोघांच्याही हाती तोच हट्ट. एकाचा पाय नीट टेकला, दुसऱ्याचा नाही.

जून २०२५ मध्ये त्याच न्यायाधीश विल्किन यांनी एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आधीच्या खेळाडूंना मागचं देणं म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर वाटायचे आहेत. हे देणं २०१६ पासून खेळलेल्यांसाठी आहे. स्मिथचा मोसम त्यात बसतो. प्रोथ्रोचा अकरा वर्षांनी हुकतो.

कायद्याला कुठेतरी तारीख ठरवावी लागते, दाव्यांना मुदत असते, हे मला मान्य आहे. माझी मागणी पैशाच्या वाटपाबद्दल नाहीच. एनसीएएनं २०२४ पासून विमा सुरू केला आहे. त्यात खेळणं संपल्यावर दोन वर्षांपर्यंत, ठरावीक रकमेच्या मर्यादेत, खेळताना झालेल्या दुखापतीवरचे उपचार होतात. पूर्वी सर्वांसाठी एवढंही नव्हतं, म्हणून त्याचं स्वागत आहे. पण मोडून जुळवलेल्या नडगीचं दुखणं चाळिशीत वाढतं, साठीत आणखी वाढतं. ज्या विद्यापीठाच्या जर्सीत हाड मोडलं, त्या विद्यापीठानं त्या हाडाचे उपचार माणूस जिवंत असेपर्यंत करावेत, आणि जुन्या खेळाडूंपासून सुरुवात करावी. २ कोटी डॉलर वाटू शकणाऱ्या खात्यांना हे जड जायचं कारण नाही. शनिवारी स्टेडियम भरणाऱ्या आम्ही लोकांनी तिकिटामागे डॉलरभर जास्त देऊन त्यासाठी निधी उभा करावा असं कुणी म्हटलं, तर इथल्या बहुतेक घरांतून तो मिळेल. या लोकांचं प्रेम मी जवळून पाहिलं आहे. कुणीतरी मागायला हवं, आणि ते प्रोथ्रोलाच मागायला लागू नये.